टायरचे अर्थशास्त्र
(द्वितीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

मोटारीच्या खर्चाचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणे इंधनाच्या भावापासून सुरू होते आणि बहुधा तिथेच संपते. डिझेल रुपयाने महागले तर वर्तमानपत्रात मथळा येतो, स्टँडवर दिवसभर तीच चर्चा चालते. परंतु ते डिझेल जाळून जी शक्ती निर्माण होते, ती शेवटी रस्त्यावर उतरविणाऱ्या चार काळ्या चाकांबद्दल कोणी चकार शब्द काढीत नाही. टायर ही आपल्या लेखी फक्त झिजणारी वस्तू आहे. झिजला की बदलायचा, आणि बदलताना दुकानात जो स्वस्त मिळेल तो घ्यायचा, एवढाच काय तो विचार. प्रत्यक्षात टायर नुसता झिजत नाही. तो रोज, प्रत्येक किलोमीटरला, आपल्या वाट्याचे इंधन खात असतो. त्याच्या या खाण्याचा हिशेब मांडण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कला शाखेच्या विद्यार्थिनीने टायरवर कशाला लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. माझे वडील वाईहून पाचगणी-महाबळेश्वरला आणि पुण्याला प्रवासी नेणारी टुरिस्ट गाडी चालवतात. गाडी स्वतःची आहे, म्हणजे हप्ते फिटेपर्यंत अर्धी बँकेची आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अण्णांचे शिक्षण सातवीपर्यंत, आईचे त्याहून कमी. त्यामुळे नववीत असल्यापासून गाडीच्या खर्चाची वही माझ्याकडे आहे. डिझेल किती, टोल किती, पंक्चर किती, सर्व्हिसिंग किती, हे रोज रात्री मी लिहिते. यंदा अर्थशास्त्राच्या तासाला स्थिर खर्च आणि बदलता खर्च हा भाग शिकताना ती वही माझ्या डोळ्यांसमोर आली आणि प्रश्न पडला, टायर नेमका कोणत्या खात्यात मांडायचा? पुस्तकातील उदाहरणे कारखान्याची होती. मी ती आमच्या गाडीला लावून पाहिली.

प्रथम टायर इंधन खातो म्हणजे काय ते पाहू. विज्ञानाची फार माहिती नसली तरी चालेल, सायकल चालविलेली असली म्हणजे पुरे. सायकलच्या चाकात हवा कमी असली की पायडल जड जाते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. जड का जाते? टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो दबतो, आणि पुढे गेला की पुन्हा फुगून पूर्ववत होतो. रबर दाबायला जेवढी शक्ती लागते तेवढी सगळी ते पूर्ववत होताना परत देत नाही. मधल्या मध्ये थोडी गिळून टाकते. ही गिळलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. लांबून आलेल्या गाडीच्या टायरला हात लावून पाहा, तो कोमट लागतो. रस्त्याच्या घर्षणाचा त्यात थोडा भाग असतो, पण बरीचशी ऊब ही अशी दबण्या-फुगण्यातून आलेली असते. ती आपल्याच टाकीतल्या डिझेलची ऊब होय! मोटारीचा टायर किलोमीटरला पाचशेहून अधिक वेळा फिरतो, आणि प्रत्येक फेऱ्यात त्याचा कण न् कण एकदा दबतो व एकदा फुगतो. एका वेळचे नुकसान नगण्य. पण वर्षाला चाळीस हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीत ते नगण्य राहत नाही.

यालाच तंत्रज्ञ मंडळी रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. आपण त्याला लोळण-रोध म्हणू. तो मोजण्याचे मापही समजायला सोपे आहे. एखाद्या टायरचा लोळण-रोध दहा किलो प्रति टन आहे, याचा अर्थ असा की, एक टन वजनाची गाडी सपाट रस्त्यावर नुसती सरकती ठेवण्यासाठी दहा किलो वजनाएवढा जोर सतत लावावा लागतो. युरोपात मोटारीच्या टायरवर इंधनाच्या दृष्टीने प्रतवारीची चिठ्ठी असते. २०२१ सालापासून लागू असलेल्या नियमाप्रमाणे ६.५ किंवा त्याहून कमी रोध असलेला टायर ‘ए’ वर्गात बसतो, तर १०.६ किंवा त्याहून जास्त रोध असलेला शेवटच्या ‘ई’ वर्गात. म्हणजे दिसायला सारखे, मापाला सारखे असे दोन टायर, पण एक दुसऱ्याच्या दीडपटीहून अधिक ओढ घेणारा असू शकतो. दुकानात ते शेजारी-शेजारी उभे असतात आणि आपण फक्त किंमत विचारतो.

हा फरक येतो कुठून? काही बांधणीतून, काही रबराच्या मिश्रणातून. पूर्वी टायरच्या आतले धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे रचलेले असत. आपल्याकडचे ड्रायव्हर अशा टायरला अजून ‘नायलॉन टायर’ म्हणतात. फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीने १९४६ साली धागे सरळ आडवे टाकून वर पोलादी पट्टे बसविलेल्या रेडियल टायरचे पेटंट घेतले. या बांधणीत टायरची बाजू लवचीक राहते आणि रस्त्याला टेकणारा भाग घट्ट राहतो, त्यामुळे शक्ती कमी वाया जाते आणि झीजही कमी होते. १९७३ साली तेलाचे संकट आले तेव्हा अमेरिकेसारख्या तेलात लोळणाऱ्या देशालाही रेडियल टायरची आठवण झाली. पुढची पायरी रबराच्या मिश्रणाची. टायर काळा दिसतो तो रबरात घातलेल्या काजळीमुळे, आणि ती काजळीच त्याला बळकटी देते. तिच्यातील काही भाग काढून त्या जागी सिलिका, म्हणजे वाळूच्याच कुळातील एक बारीक भुकटी घातली, तर लोळण-रोध कमी होतो आणि तरीही ओल्या रस्त्यावरची पकड सुटत नाही. १९९२ साली असे टायर बाजारात आले. अर्थात हे मिश्रण करणे खर्चाचे काम आहे. महाग टायरची किंमत केवळ नावाची नसते, ती अशी थोडीफार पोटातलीही असते.

आता आकडे. अमेरिकेतील नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली या विषयावर एक अहवाल प्रसिद्ध केला. त्याचा निष्कर्ष असा की, टायरचा लोळण-रोध दहा टक्क्यांनी कमी केला तर मोटारीच्या इंधनात एक ते दोन टक्के बचत होते. एक-दोन टक्के म्हटल्यावर पुष्कळांना हसू येईल. आपल्याकडे टक्का म्हणजे परीक्षेतला टक्का, तिथे एकाने काय होते? म्हणून टक्क्यांचे रुपये करून पाहू.

समजण्यास सोपे जावे म्हणून गोळाबेरीज आकडे घेते. गाडी वर्षाला ४०,००० किलोमीटर धावते. घाट आणि सपाटी मिळून लिटरला १८ किलोमीटर ॲव्हरेज देते. डिझेलचा भाव ९० रुपये धरू. म्हणजे डिझेलचा खर्च किलोमीटरला ५ रुपये आणि वर्षाला २ लाख रुपये. आता टायर. एक जोडणी स्वस्त: चार टायर प्रत्येकी ३,८०० रुपयांचे, एकूण १५,२००, आणि आयुष्य ३५,००० किलोमीटर. दुसरी जोडणी चांगली: प्रत्येकी ५,००० रुपये, एकूण २०,०००, आणि आयुष्य ५०,००० किलोमीटर. दुकानाच्या काउंटरवर पाहिले तर पहिली जोडणी ४,८०० रुपयांनी स्वस्त. पण किलोमीटरने भागून पाहिले तर स्वस्त टायर किलोमीटरला ४३ पैसे पडतो आणि महाग टायर ४० पैसे. इथेच स्वस्ताईचा बुरखा गळून पडतो.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. टायरचा खर्च किलोमीटरला चाळीस पैसे आणि डिझेलचा पाचशे पैसे. म्हणजे टायरवर तीन पैसे वाचले काय आणि गेले काय, त्यापेक्षा तो टायर त्या पाचशे पैशांचे काय करतो हे बघणे महत्त्वाचे. चांगल्या टायरचा लोळण-रोध स्वस्त टायरपेक्षा वीस टक्क्यांनी कमी आहे असे समजू. वर सांगितलेल्या प्रमाणाने डिझेल दोन ते चार टक्के वाचेल. मधला आकडा तीन धरला तर किलोमीटरला १५ पैसे, वर्षाला ६,००० रुपये. सुरुवातीला जास्तीचे दिलेले ४,८०० रुपये ३२,००० किलोमीटरमध्ये, म्हणजे दहा महिन्यांच्या आत वसूल होतात. त्या टायरच्या संपूर्ण आयुष्यात, म्हणजे ५०,००० किलोमीटरमध्ये, झीज आणि डिझेल मिळून नऊ हजारांच्या वर रुपये हाती राहतात. नऊ हजार रुपये ही रक्कम आमच्या वहीत लहान नाही. तेवढ्यात धाकट्या भावाच्या वह्या-पुस्तकांचा, क्लासचा आणि माझ्या एस.टी.च्या पासाचा बराचसा खर्च भागतो.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे, नाहीतर हा हिशेब जाहिरातीसारखा वाटेल. आमची गाडी निम्मा वेळ पसरणी घाटात असते. प्रवासी आणि सामान धरून तिचे वजन १,४०० किलो आहे असे समजा. लोळण-रोध दहा किलो प्रति टन असेल तर सपाट रस्त्यावर टायर १४ किलोचा जोर मागतात, आणि आठ किलो प्रति टन असेल तर ११ किलोहून थोडा अधिक. परंतु शंभर मीटरला पाच मीटर चढ लागला की नुसते वजन वर ओढायलाच ७० किलोचा जोर हवा. त्या सत्तरापुढे टायरने वाचवलेले तीन किलो किती मोठे दिसणार? त्याचप्रमाणे हमरस्त्यावर गाडी नव्वद-शंभरच्या वेगाने पळवली की वाऱ्याचा विरोध वाढतो, आणि टायरचा वाटा पुन्हा लहान होतो. म्हणून घाटात चालणाऱ्या माणसाने बचत तीनऐवजी दोनच टक्के धरावी हे बरे. तशी धरली तर वर्षाला ४,००० रुपये वाचतात, जास्तीचे पैसे ४८,००० किलोमीटरला फिटतात, आणि टायरच्या आयुष्याअखेर साडेसहा हजारांच्या पुढे काहीतरी उरते. नफा घटला, पण तोटा झाला नाही.

दुसरी सावधगिरी ॲव्हरेज मोजण्याची. स्टँडवरचे अनुभवी ड्रायव्हर शपथेवर सांगतात की, नवे टायर टाकले की ॲव्हरेज पडतो आणि टायर जुने झाले की गाडी छान पळते. यात खोटे काही नाही, पण पूर्ण खरेही नाही. टायर झिजला की त्यावरचे रबर कमी होते, दबायला-फुगायला माल कमी उरतो, त्यामुळे लोळण-रोध खरोखरच घटतो. हा झाला खरा भाग. खोटा भाग मीटरचा आहे. गाडीचा मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. १६५/८० आर १४ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर असतो. नव्या टायरची नक्षी सुमारे आठ मिलिमीटर खोल असते. ती झिजून १.६ वर आली की व्यास जवळजवळ १३ मिलिमीटरने, म्हणजे दोन टक्क्यांनी घटतो. चाक लहान झाले की तेवढ्याच रस्त्याला फेरे जास्त होतात, आणि मीटर शंभर किलोमीटरचे एकशे दोन दाखवतो. डिझेल तेवढेच, रस्ता तेवढाच, फक्त वहीत ॲव्हरेज वाढलेला! म्हणून जुन्या टायरची नव्याशी तुलना करू नये. नव्याची नव्याशी करावी, आणि तीही एकाच मार्गावर, टाकी काठोकाठ भरून, निदान आठ-दहा वेळा मोजून.

झिजलेला टायर कमी डिझेल खातो हे खरे असले तरी तो तसाच वापरत राहावा असा अर्थ कोणी काढू नये. नक्षीच्या चरांचे काम पाणी बाजूला सारण्याचे असते. चर बुजले की रबर आणि रस्ता यांच्यामध्ये पाण्याचा थर राहतो आणि ब्रेक दाबूनही गाडी घसरत जाते. मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की कायद्यानेही तो टायर बाद ठरतो. त्या खोलीवर चरांमध्ये लहान उंचवटे ठेवलेले असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायरचे दिवस भरले असे समजावे. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै महिन्यात घाटात धुके उतरलेले असते, कठड्यापलीकडे काय आहे ते दिसत नाही, आणि रस्त्यावरून पाण्याचे लोट वाहत असतात. अशा दिवशी अण्णा गाडी घेऊन गेले की ते परत येईपर्यंत आई चुलीवरचा चहा उतरवीत नाही. म्हणूनच टायर निवडताना आमच्या घरापुरता नियम असा: ओल्या रस्त्यावरची पकड आधी, डिझेलची बचत नंतर. रबर कडक केले की लोळण-रोध सहज कमी करता येतो, पण मग पकड सुटते. दोन्ही एकत्र साधायचे तर चांगले मिश्रण लागते आणि पैसे पडतात. नुसता ‘ॲव्हरेज देणारा टायर’ म्हणून जो विकला जातो, त्याच्या पकडीबद्दल दोन प्रश्न अवश्य विचारावेत.

नवा टायर घेण्याची ऐपत आज नसेल त्यानेही निराश होण्याचे कारण नाही. एक गोष्ट फुकट आहे, ती म्हणजे हवा. अमेरिकन सरकारच्या ऊर्जा खात्याने दिलेले प्रमाण असे आहे की, चारही चाकांतील हवा सरासरी एक पाउंडाने कमी झाली की इंधनाची बचत-क्षमता ०.२ टक्क्याने घटते. ३३ पाउंड हवी तिथे २६ असली तर सात पाउंडांचा फरक, म्हणजे १.४ टक्के. आमच्या दोन लाखांच्या डिझेलवर ते वर्षाला २,८०० रुपये होतात. शिवाय हवा कमी असलेला टायर दोन्ही कडांना झिजतो, जास्त तापतो आणि लवकर मरतो. हवा तपासायची ती सकाळी, गाडी काढण्यापूर्वी किंवा जवळच्या पंपावर. लांबचा प्रवास करून आल्यावर तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा काढून टाकली तर थंड झाल्यावर टायर उपाशी राहतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेले असते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा हा जास्तीत जास्त मर्यादेचा असतो, भरावयाचा नव्हे. नायट्रोजन भरण्यासाठी पैसे घेतात. साध्या हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन असतो, हे शाळेच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचले आहे. आठवड्यातून एकदा साधी हवा तपासणारा माणूस पैसे देऊन विसरणाऱ्यापेक्षा केव्हाही शहाणा.

तीच गोष्ट चाकांच्या सरळपणाची. खड्ड्यात चाक आपटले की अलाइनमेंट बिघडते आणि टायर पुढे लोळता लोळता किंचित आडवा घासला जातो. नक्षी एकाच बाजूने झिजलेली दिसली की कारण हेच. आणि तरुण मंडळींमध्ये रुंद टायर टाकण्याची हौस असते, तिच्याविषयीही एक शब्द. रुंद टायर आणि मोठी रिम दिसायला रुबाबदार, पण वजन वाढते, वाऱ्याला तोंड जास्त मिळते, आणि कंपनीने ठरवलेल्या मापाचा तोल बिघडतो. रुबाबाची किंमत पंपावर मोजावी लागते.

टायर ओळखायचा कसा? त्याच्या अंगावरच त्याची कुंडली लिहिलेली असते. १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, ८० म्हणजे रुंदीच्या ८० टक्के उंची, आर म्हणजे रेडियल, १४ म्हणजे इंचात रिमचा व्यास. त्यापुढचा ८५ हा आकडा एका टायरने ५१५ किलो भार पेलावा असे सांगतो. आणखी एक चार आकडी संख्या असते, तिच्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. ‘नवा आहे, पडून होता’ असे सांगून जो माल गळ्यात मारला जातो त्याची जन्मतारीख इथे सापडते. सेकंडहँड टायर घेणाऱ्याने तर हे आधी पाहावे. पण ज्याची खरी गरज आहे तो लोळण-रोध मात्र या कुंडलीत नसतो. भारत सरकारने २०२२ सालच्या जून महिन्यात अधिसूचना काढून लोळण-रोध, ओली पकड आणि आवाज यांच्या मर्यादा टायरला लागू केल्या. फ्रिज आणि पंख्यावर तारे चिकटविणाऱ्या ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीनेही टायरसाठी ताऱ्यांची योजना आणली, तिची सुरुवात ऐच्छिक म्हणून झाली. तारे असलेला टायर मिळाला तर जरूर पाहावा. मात्र तालुक्याच्या गावातल्या दुकानात मी स्वतः विचारले तेव्हा मला ताऱ्यांऐवजी गॅरंटी कार्ड दाखविण्यात आले.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे अर्थशास्त्राकडे वळते. एवढा सरळ हिशेब असताना स्वस्त टायर का खपतात? लोक अडाणी आहेत म्हणून? मला तसे वाटत नाही. पहिले कारण असे की, टायर विकत घेणारा आणि डिझेल भरणारा पुष्कळदा एकच माणूस नसतो. कितीतरी गाड्यांचा मालक वेगळा आणि चालवणारा वेगळा असतो. टायर मालकाने टाकायचा आणि डिझेल ड्रायव्हरने भरायचे असे ठरले असेल, तर मालकाने जास्तीचे ४,८०० रुपये कोणासाठी खर्च करावेत? बचत दुसऱ्याच्या खिशात जाते. याउलट नव्या गाडीबरोबर येणारा टायर बहुधा कमी रोधाचा असतो, कारण गाडीच्या ॲव्हरेजचा आकडा कंपनीला जाहीर करावा लागतो. तिथे टायर निवडणाऱ्याला ॲव्हरेजची गरज असते. पहिली जोडणी झिजली की ती गरज संपते आणि ग्राहक एकटा उरतो.

दुसरे कारण याहून कठीण आहे. टायरची किंमत एकदम द्यावी लागते आणि डिझेलची बचत रोज चार-पाच, फार तर पंधरा-वीस रुपयांनी येते. रोजच्या कमाईवर चालणाऱ्या घरात एकरकमी वीस हजार नसतात. मग आज दोन टायर, दोन महिन्यांनी दोन, तेही उधारीवर, असे चालते. ज्याच्याजवळ पैसा आहे तो महाग टायर घेऊन स्वस्तात प्रवास करतो, आणि ज्याच्याजवळ नाही तो स्वस्त टायर घेऊन महाग प्रवास करतो. गरिबीला स्वतःचा असा एक कर असतो, आणि तो कोणत्याही अंदाजपत्रकात छापलेला नसतो. मी हिशेब करून पाहिला की, फरकाचे ४,८०० रुपये शेकडा दोन टक्के महिन्याच्या व्याजाने काढले तरी वर्षाचे व्याज बाराशेच्या आत राहते, आणि डिझेलमधली बचत चार ते सहा हजारांची होते. म्हणजे हे कर्ज करण्यासारखे आहे. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “हिशोब बराबर हाय बाळ, पण सावकाराला पैसं रोख लागत्यात अन् डिझेल मला वाचलेलं दिसत न्हाई.” या एका वाक्यात बचतीच्या सिद्धांतावरचा केवढा मोठा आक्षेप आहे! दिसणारा खर्च माणसाला टोचतो, न दिसणारा टोचत नाही. तो दिसावा म्हणूनच वही असते.

म्हणून मी वहीत यंदा एक नवा रकाना आखला आहे. डिझेलच्या शेजारी रोजचे किलोमीटर, त्याच्या शेजारी किलोमीटरला पडलेला खर्च, आणि दर सोमवारी हवेचा दाब. टायरसाठी दिवसाला चाळीस-पन्नास रुपये वेगळे काढण्याची पद्धतही सुरू केली आहे. किलोमीटरला चाळीस पैसे टायर खातो, तर ते ज्या दिवशी खाल्ले त्याच दिवशी बाजूला ठेवावेत, हा त्यामागचा विचार. आमच्या धंद्यात एप्रिल-मे हे कमाईचे महिने, आणि पावसाळा हा गिऱ्हाईक कमी पण टायरची परीक्षा जास्त असा काळ. तेव्हा टायर बदलायचे तर ते मे महिन्याच्या अखेरीला, हातात पैसा असताना आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी, असे मी सुचविले आहे. अण्णांनी अजून होकार दिलेला नाही. ‘बघू’ म्हणाले आहेत. पण सोमवारी सकाळी गाडी काढण्यापूर्वी ते आता स्वतःच विचारतात, “आज हवा बघायची ना गं?”

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी रिक्षा असेल, टेम्पो असेल, ट्रॅक्टर असेल, निदान दुचाकी तरी असेलच. अर्थशास्त्र फक्त रिझर्व्ह बँकेत आणि नियोजनाच्या कागदांत राहत नाही. ते आपल्या दारात उभ्या असलेल्या गाडीच्या चाकाखालीही असते. एकदा वाकून त्या टायरवरचे आकडे वाचा, आणि घरातल्या गाडी चालविणाऱ्या माणसाला विचारा, किलोमीटरला किती पडतो? उत्तर मिळाले नाही तर वही तुम्ही हातात घ्या.